घड्याळ मुकं नाहीये: रहस्यमालिकेच्या शेवटच्या भागाबद्दल

प्रश्न वाचला, मग परत एकदा सावकाश वाचला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाच भागांची सिरीज आहे, चार छापून झालेत. नायिकेने मेलेल्या माणसाच्या अंगावरची वस्तू हातात घेतली की त्याने मरताना ऐकलेला शेवटचा आवाज तिला ऐकू येतो, दहा सेकंद, त्यापुढे काही नाही. दर वेळी तिची स्वतःची ऐकण्याची ताकद थोडी कमी होते. तिच्या मोठ्या भावाचा अकरा वर्षांपूर्वी खून झाला, मृतदेह मिळाला नाही, नदीकाठी फक्त रक्त लागलेलं त्याचं चावीचं मनगटी घड्याळ सापडलं. ते तिच्या ड्रॉवरमध्ये पडून असतं आणि नेमकं त्यातूनच तिला काही ऐकू येत नाही. आता पाचव्या भागात सगळं मिटवायचंय. तुम्ही विचारलंय की ही शक्ती आली कुठून ते सांगायचं का, नायिकेला मारायचं का, आणि निम्म्या वाचकांनी 'भाऊ जिवंतच आहे' असं ठरवून टाकलंय त्याचं काय करायचं. शिवाय जाता जाता सांगितलंय की शेवटच्या भागात एक आद्य दुष्ट शक्ती येणारे, जी म्हणे चारही भागांच्या मागे होती.

मी २२ वर्षं अशा कादंबऱ्या लिहितेय आणि त्याहून जास्त दुसऱ्यांच्या एडिट करतेय, तर सगळ्यात आधी त्या जाता जाता सांगितलेल्या गोष्टीबद्दल बोलते. ती आद्य शक्ती काढून टाका.

राग मानू नका, हे मी स्वतः करून बसलेय. माझी पहिली सिरीज चार भागांची होती, त्यातल्या आत्म्याला कोणी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही हा नियम मी पहिल्याच भागात घालून दिला होता आणि तीन भाग नीट पाळलाही. चौथ्यात अडकले. तारीख जवळ आलेली, शेवट सुचेना, मग शेवटच्या तीस पानांत एक दुसरा, जास्त जुना, जास्त ताकदीचा आत्मा आणला ज्याला उंबऱ्याचं बंधनच नव्हतं. लिहिताना काय भारी वाटलं म्हणून सांगू! पुस्तक आल्यावर एका वाचक बाईंनी मला त्यांच्या वहीची पानं पाठवली. त्यांनी दुसऱ्या भागापासून त्या घराचा नकाशा काढत आणला होता, कुठली खोली कुठे, कुठल्या दारातून कोण कधी आत आलं, सगळं पेन्सिलने. सोबत एवढंच लिहिलं होतं की आता हे ठेवून काही उपयोग नाही. त्या नकाशात स्वयंपाकघरामागे एक दार होतं, उंबरा नसलेलं. पहिल्या भागात मीच लिहिलेलं, अर्ध्या वाक्यात, आणि साफ विसरलेलं. माझा शेवट त्या दारात उभा होता आणि मी तो बाहेरून विकत आणला.

त्यामुळे माझं म्हणणं असं की शेवटच्या भागाचं उत्तर नवीन सुचवायचं नसतं, ते आधीच्या भागांत कुठेतरी छापलेलं असतं, आणि लेखक स्वतःचंच पुस्तक धड वाचत नाही म्हणून त्याला ते सापडत नाही.

आपल्या प्रकारात याला अजून एक कारण आहे. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्रीने (तो स्वतः रहस्यकथा लिहायचा) डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम लिहिले, त्यातला दुसराच नियम असा की अलौकिक शक्तींना दारातच थांबवायचं. आपण तो नियम मोडूनच धंदा करतो, ठीके. पण त्यामागचा हेतू वाचकाशी फेअर खेळायचा होता, आणि तो आपल्याला सुटलेला नाही, उलट जास्त कडक लागू होतो. साध्या रहस्यकथेत वाचकाला जगाचे नियम माहीत असतात, माणूस भिंतीतून जात नाही हे त्याला सांगावं लागत नाही. आपल्याकडे जग आपण बनवलेलं, नियमही आपलेच, म्हणजे पत्ते पण आपले आणि पिसणारे पण आपणच. चार भागांत वाचकाने ते नियम तोंडपाठ केलेत आणि त्याच्या जिवावर तो तर्क लढवतोय. शेवटच्या भागात नवा नियम आणणं म्हणजे डाव संपताना पत्त्यात पाचवा रंग काढणं.

आता तुमच्या पुस्तकाकडे येते. तुम्ही प्रश्नात पहिल्या भागाचा एक परिच्छेद टाकलाय, 'घड्याळ मुकं आहे' हे दाखवायला. तो असा:

'तिनं ड्रॉवर उघडून घड्याळ कानाला लावलं. काही नाही. नुसती टिकटिक, सावकाश, एक पाय ओढत चालावं तशी.'

हे वाचून मी खुर्चीतून उठले, खरंच. अहो, चावीचं घड्याळ आहे ते! चावीचं मनगटी घड्याळ एकदा पूर्ण चावी दिली की साधारण दीड-दोन दिवस चालतं. तुमच्या ड्रॉवरमध्ये ते अकरा वर्षं पडलंय. मग चावी कोण देतंय? चारही भागांत नायिका चावी देताना एकदा तरी दाखवलीय का? आणि समजा देतही असेल, तरी मनगटी घड्याळ कानाला लावून बघा, सेकंदाला पाच ते आठ ठोके पडतात, किर्रर्र असं सलग ऐकू येतं. 'सावकाश' आणि 'पाय ओढत' अशी टिकटिक मनगटी घड्याळाची असूच शकत नाही. तशी टिकटिक लंबकाच्या घड्याळाची असते, जवळजवळ एक मीटर लांबीचा लंबक असला तर सेकंदाला एक ठोका. आणि असं घड्याळ भिंतीवर जरासं जरी तिरकं लागलं तरी ठोके समान पडत नाहीत, टिक आणि टक यांच्यातलं अंतर कमीजास्त होतं, लंगडत चालल्यासारखं ऐकू येतं.

म्हणजे घड्याळ कधीच मुकं नव्हतं. ते बंद आहे, बहुतेक अकरा वर्षांपासूनच, आणि नायिका ड्रॉवर उघडून दर वेळी जे ऐकते तोच तिच्या भावाने मरताना ऐकलेला शेवटचा आवाज आहे. तिला वाटतं घड्याळ चालू आहे. वाचकालाही तेच वाटतं. तुम्हालाही तेच वाटलं!

आता दुसरी गंमत. तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या भागात तिचा गुरू, तो निवृत्त इन्स्पेक्टर, त्याच्या बैठकीच्या खोलीत एक मोठं भिंतीवरचं घड्याळ आहे जे 'कधीच सरळ टांगलेलं नसतं'. तुम्ही ते त्याचा अजागळपणा दाखवायला लिहिलं असणार. असू दे. छापलं गेलंय ना? मग तो पुरावा झाला.

आणि हे तिला कळणार कसं, तेही तुमच्या नियमातच बसलंय, वेगळं काही आणायला नको. पाचव्या भागापर्यंत तिचे कान जवळजवळ गेलेले असणार, कारण तीच तर किंमत ठरवलीय तुम्ही. तिला भांडी पडलेली ऐकू येत नाहीत, फोन ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ वाचून ती वेळ मारून नेते. आणि एका रात्री ती सवयीने घड्याळ कानाला लावते आणि टिकटिक अगदी पूर्वीसारखी, खणखणीत. कानच नाहीत तर हे कोण ऐकतंय? हा सीन लिहिताना घाई करू नका, संवाद नको, बॅकग्राउंडला वीज कडाडायला नको. बाई, घड्याळ आणि टेबल लॅम्प. ती घड्याळ दिव्याखाली धरते आणि बघते की सेकंद काटा हलतच नाहीये. मी तुमच्या जागी असते तर या एका पानासाठी आठवडा दिला असता.

तिचा भाऊ मरताना ओरडला नाही, कोणी त्याच्याशी बोललं नाही, झटापट नाही. शेवटच्या दहा सेकंदांत त्या खोलीत फक्त घड्याळ वाजत होतं. म्हणजे मारणारा तिथेच शांत बसून होता आणि वाट बघत होता. नदीकाठ वगैरे नंतरचं नाटक. एखाद्या आद्य शक्तीपेक्षा हे मला तरी जास्त भयानक वाटतं, तुमचं तुम्ही बघा.

(हो, आता मी हे सगळ्यांसमोर लिहून मोकळी झालेय, त्यामुळे जसंच्या तसं वापरता येणार नाही हे कळतंय मला. सॉरी. पण तुमच्या चार भागांत असं एकच ठिकाण असेल यावर माझा विश्वास नाही. शोधायची रीत कळावी म्हणून एवढं उलगडून दाखवलं.)

ती रीत म्हणजे काय, तर लिहायला बसण्याआधी चारही भाग छापील प्रतीवर वाचा, स्क्रीनवर नाही, कारण स्क्रीनवर हात लगेच दुरुस्तीला जातो. वाचताना लेखक म्हणून वाचू नका, जरा खडूस वाचक व्हा. जवळ वही ठेवा. एका बाजूला नियम लिहा, शक्ती काय करते, काय करत नाही, कुठल्या पानावर तसं म्हटलंय. दुसऱ्या बाजूला प्रत्येक वस्तू जिचा उल्लेख झाला आणि पुढे काहीच झालं नाही. ही दुसरी बाजू म्हणजे खजिना असतो. आपण रंगवायला म्हणून टाकलेली तिरकी घड्याळं, कुलूपबंद खोल्या, कोणाचा तरी दुखरा गुडघा, यातलं नव्वद टक्के टाकाऊ निघेल, पण उरलेल्यात तुमचा शेवट असतो. तिसरी यादी देण्यांची, म्हणजे वाचकाला तुम्ही काय काय कबूल केलंय. सगळी देणी फेडायची गरज नसते बरं का. ज्याची वाचक वाट बघतोय ते फेडा, जे फक्त तुम्हाला आठवतंय ते सोडून द्या, नाहीतर शेवटची सत्तर पानं हिशेब चुकता करण्यातच जातात आणि पुस्तक वाण्याच्या वहीसारखं दिसायला लागतं.

आता तुमचे तीन प्रश्न.

शक्ती कुठून आली हे सांगू नका. काय करते हे वाचकाला नीट माहीत आहे, तेवढं रहस्यकथेला पुरतं. कुठून आली याचं जे काही उत्तर द्याल, शाप, वारसा, लहानपणीचा अपघात, ते ऐकून वाचक 'बरं' म्हणतो, डोंगर पोखरून उंदीर. पण याच्या उलटी चूकही करू नका. अठराव्या शतकाच्या शेवटी अ‍ॅन रॅडक्लिफ ही इंग्रज कादंबरीकार भुताटकीचं वातावरण उभं करायची आणि शेवटी सगळ्याचा साधा खुलासा द्यायची, हे भूत नव्हतं, ते मेणाचं होतं वगैरे. एका कादंबरीपुरतं ते चालतं. चार भाग शक्ती खरी दाखवून पाचव्यात 'तिला भास व्हायचे' असं म्हणालात तर लोक पुस्तक फेकून मारतील आणि मी त्यांच्या बाजूने असेन.

एक मात्र पाळाच. मेलेल्या माणसाकडून खुन्याचं नाव वदवून घेऊ नका, शेवटच्या भागात तर नाहीच. अलौकिक गोष्ट साक्षीदार म्हणून चांगली शोभते, न्यायाधीश म्हणून नाही. तुमचा नियम या बाबतीत फार सुंदर आहे, फक्त आवाज, चेहरा नाही, कारण नाही. का मारलं हे तिला माणसांकडूनच काढावं लागेल, डोकं वापरून.

नायिकेला मारायचं का. इथे सगळे होम्सचं उदाहरण देतात म्हणून मीही देते. कॉनन डॉइलने १८९३ मध्ये त्याला रायशेनबाखच्या धबधब्यात ढकललं आणि १९०३ मध्ये परत आणावं लागलं, कारण वाचक आणि प्रकाशक दोघंही सोडेनात. आणता आलं कारण प्रेत सापडलेलं नव्हतं. (तुमच्या वाचकांनी 'भाऊ जिवंत' हे ठरवलं तेही याचमुळे. प्रेत न दाखवलेला माणूस रहस्यकथेत मेलेला धरतच नाहीत, हा आता वाचकाचा संस्कार झालाय.) मला त्याहून अगाथा ख्रिस्तीचं उदाहरण शिकण्यासारखं वाटतं. तिने तिच्या डिटेक्टिव्हचा, पॉयरोचा, शेवट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लिहून ठेवला आणि तिजोरीत टाकला. छापला १९७५ मध्ये, जानेवारी १९७६ मध्ये ती स्वतः गेली. पॉयरो मेला म्हणून १९७५ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर मृत्युलेख छापला, कादंबरीतल्या माणसाचा! पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. तो शेवट घडतो कुठे, तर स्टाइल्समध्ये, त्याच घरात जिथे १९२० सालच्या पहिल्या कादंबरीत पॉयरोची आपली ओळख झाली. तीस-पस्तीस पुस्तकं फिरून बाई पहिल्या घरी परत आली. उगाच नाही.

तर मारायचं का याचं माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याला भावनिक कारण नाही. ज्या जगात मेलेली माणसं ऐकू येतात तिथे मरण स्वस्त होतं. नायिका मेली की पुढचा विचार लगेच येतो की आता तिच्या वस्तूतून कोण ऐकणार, आणि हा विचार तुमच्याही डोक्यात आलाच असेल, तिची असिस्टंट तिची अंगठी हातात घेते आणि तिला आवाज येतो, पडदा. हे पाच मिनिटं फार भारी वाटतं. मग लक्षात येतं की असिस्टंटकडे शक्ती आली कुठून याचा नवा नियम लागतो, म्हणजे परत पत्त्यातला पाचवा रंग. तुमच्याकडे मरणापेक्षा मोठी किंमत ऑलरेडी ठरलेली आहे, बहिरेपण. गुन्हा सिद्ध करायला तिला त्या घड्याळातून शेवटचं एकदा ऐकावं लागेल आणि त्यानंतर काहीच नाही, ना मेलेल्यांचं ना जिवंतांचं. भावाचा तो दहा सेकंदांचा आवाजही गेला. हे तिला माहीत असताना ती ऐकायचं ठरवते की नाही, हा तुमचा क्लायमॅक्स.

इथे बांधणीचं एक सांगते, कारण आपल्या प्रकारात जवळजवळ सगळेच इथे घसरतात. रहस्यकथा संपते जेव्हा कळतं की कोणी केलं. भयकथा संपते जेव्हा किंमत मोजली जाते. अशा कादंबरीला दोन शेवट असतात आणि नवखे लेखक दोन्ही एकाच प्रकरणात कोंबतात, इन्स्पेक्टर कबुली देतोय, तेवढ्यात ती ऐकतेय, तेवढ्यात घड्याळ फुटतंय, सगळं एकदम. वाचकाला कशाचंच काही वाटत नाही. आधी कळू द्या की खुनी इन्स्पेक्टर आहे. मग पंचवीस-तीस पानं जाऊ द्या, ज्यात तिला माहितीये, त्याला माहितीये की तिला माहितीये, आणि दोघं त्याच खोलीत बसून बोलतायत आणि तिला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत नाही, फक्त लंबक हलताना दिसतोय. किंमत त्यानंतर.

वाचकांनी ओळखलं त्याचं. तुमच्या केसमध्ये त्यांनी चुकीचं ओळखलंय, तर मजा आहे, पहिल्या पन्नास पानांतच भाऊ मेलाय हे पक्कं करून टाका, सांगाडा सापडू द्या, आणि त्यांना नव्याने विचार करायला लावा. उरलेल्या पुस्तकभर 'जिवंत आहे की नाही' हे भिजत घोंगडं ठेवू नका. आणि समजा कोणी इन्स्पेक्टरला बरोबर ओळखलंच, तरी खुनी बदलू नका. दहातल्या एकाने ओळखलं म्हणजे क्लू बरोबर पेरलेत. मी एकदा असं घाबरून खुनी बदललेली एक मॅन्युस्क्रिप्ट एडिट केलीय, आधीच्या तीन भागांतले सगळे क्लू अनाथ झाले होते आणि नव्या खुन्याकडे एकही नव्हता. ओळखणाऱ्याला 'कोण' मिळालंय, 'का' अजून तुमच्या हातात आहे, तिथे खोल जा.

नवीन वाचकासाठी मागचं किती सांगायचं याची फार चिंता करू नका, पाचव्यापासून सुरू करणारे थोडे असतात. नियम तेवढा एका सीनमध्ये वापरून दाखवा, समजावत बसू नका. मागच्या केसेसच्या आठवणी काढणारी पात्रं तर बिलकुल नकोत.

क्लायमॅक्सनंतर दहा-बारा पानं पुष्कळ झाली. आणि कृपा करून शेवटच्या पानावर दारावरची बेल वाजवू नका. सहावा भाग काढायचा मोह आला तर तेव्हाचं तेव्हा बघा, पण 'शेवटचा भाग' म्हणून विकलेल्या पुस्तकात दार किलकिलं ठेवलेलं वाचकाला बरोबर कळतं. मी ती घड्याळवाल्याकडे जातेय असं काहीतरी केलं असतं. तो घड्याळ उघडतो, साफ करतो, चावी देतो, तिच्या हातात देतो. चालू झालं का हे तिला ऐकून कळणार नाही, म्हणून ती काट्याकडे बघत उभी राहते.

अजून एक. पहिल्या भागाची नवी आवृत्ती निघतेय असं तुम्ही म्हणालात. प्रूफं आली की तो ड्रॉवरचा परिच्छेद स्वतः तपासा. कोणीतरी काळजीवाहू माणूस 'मनगटी घड्याळाची टिकटिक सावकाश कशी असेल' म्हणून तो शब्द काढून टाकेल. काढू देऊ नका.